पूर यायच्या आधी एकदा शाळेत पत्ते मांडून बघा

जुलै लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनच गोष्टी फिरतात, सांगलीच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचा फोटो आणि कृष्णेवरचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण. आम्ही मूळचे सांगलवाडीचे, कृष्णेच्या अगदी काठावरचे, त्यामुळं ४० फुटाला इशारा आणि ४५ फुटाला धोका हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा मी इथं जपानमधे, शिझुओकाला होते, आणि रात्र रात्र फोन धरून बसण्याशिवाय माझ्या हातात काही नव्हतं. तेव्हापासून दर पावसाळ्यात ग्रुपवर तेच, कर्नाटकनं अलमट्टीची उंची ५१९ वरून ५२४ मीटर केली तर आपलं काय, कोयनेतून पाणी आधीच का नाही सोडलं, पंचनामा कुणाचा झाला आणि कुणाचा राहिला. वाद खरा आहे, आणि उंची वाढता कामा नये असं माझंही ठाम मत आहे. पण एवढ्या वर्षांत ग्रुपवर एकदाही कुणी विचारलं नाही की पाणी ४५ ला लागलं आणि आपली अख्खी गल्ली उठून एखाद्या शाळेत गेली तर तिथं पहिली रात्र काढायची कशी.

इथं माणसं ही रात्र आधीच टेबलावर मांडून बघतात. शिझुओका प्रांतानं २००७ साली एक खेळ तयार केला, 'हिनानजो उनएई गेम', म्हणजे निवारा चालवायचा खेळ, आणि त्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्याला सगळे 'हग' म्हणतात. टेबलावर शाळेचा नकाशा अंथरायचा, जिम म्हणजे शाळेचा खेळाचा मोठा हॉल, वर्ग, मैदान सगळं. एक जण खेळातले पत्ते, म्हणजे कार्डं, वाचत जातो, प्रत्येक पत्त्यावर एक माणूस, वय, बाई की पुरुष, घराचं काय झालंय, आजार काय आहे. पत्त्याचा आकार नकाशाच्या मापात एका माणसाला लागणाऱ्या जागेएवढाच ठेवलेला असतो, त्यामुळं जिम भरत आली की ते डोळ्यांना दिसतं. वाचणारा थांबत नाही, तुम्ही एकाची जागा ठरवताय तोवर पुढचे तिघं दारात, मधेच कुत्रं घेऊन आलेलं कुटुंब, मधेच ब्लँकेटं आली ती कुठं उतरवू.

आमच्या वस्तीच्या मंडळानं हा खेळ ठेवला तेव्हा मला इथं येऊन दोनच वर्षं झाली होती आणि बोलणं निम्मंच कळायचं. आमच्या टेबलानं जिम छान ओळीत भरून टाकली, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मग पत्ता आला, ऐंशीच्या पुढचे आजोबा, रात्रीत तीनचारदा संडासला उठावं लागतं. आता ते जाणार कुठून? वाटच ठेवली नव्हती, अंधारात माणसांच्या अंगावरून जावं लागलं असतं त्यांना. सगळे गप्प झाले. आमच्या टेबलावरच्या एका आजींनी काही न बोलता मधले पत्ते एकेक करून उचलले आणि मोकळ्या झालेल्या जागेत एक पट्टी ठेवली, ही वाट. तेवढ्यात पुढचा पत्ता आला, परदेशी कुटुंब, भाषा येत नाही, लहान मूल आहे. वाचणाऱ्या माणसानं तो हळूच माझ्याच हातात दिला. मी तोपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. मी पत्ता दाराजवळ फळ्याशी ठेवला, तिथं सूचना लागतील म्हणून, मग आठवलं की जानेवारीत दारातून गारठा येणार आणि बरोबर बाळ आहे, म्हणून उचलून आत ठेवला आणि मोडक्या जपानीत सांगितलं की सूचना ह्यांच्यापर्यंत कुणीतरी न्यायला हवी. दुसऱ्या महिन्यापासून आमच्या बिल्डिंगच्या नोटिशीत कांजीच्या, म्हणजे अवघड जपानी चित्राक्षरांच्या, वर वाचायला सोपी अक्षरं यायला लागली. ती आजही येतात.

हे एवढ्या मनापासून सांगतेय कारण माणसं नुसती भूकंपात आणि पाण्यात मरत नाहीत. २०१६ च्या कुमामोतोच्या भूकंपात थेट ५० माणसं गेली, आणि नंतर गाडीत झोपून, निवाऱ्यात आजारी पडून, औषधपाण्यावाचून दोनशेच्या वर गेली.

दुसरा एक खेळ जपानमधल्याच कोबे शहराच्या अनुभवातून निघाला. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे भूकंप झाला, ६,४०० च्या वर माणसं गेली, आणि ते दिवस ज्या महापालिका कर्मचाऱ्यांनी निभावले त्यांच्याशी बोलून क्योतो विद्यापीठाचे कात्सुया यामोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'क्रॉसरोड' हा खेळ बनवला. त्यातला एक प्रश्न मला कायमचा लक्षात राहिलाय. निवाऱ्यात ३,००० माणसं, तुमच्याकडं जेवणं २,०००. वाटायला सुरुवात करायची का? हो किंवा नाही, पत्ता एकदम उलटा करायचा. ज्यांचं उत्तर जास्त जणांनी दिलं त्यांना बक्षीस म्हणून निळी बैठक, म्हणजे बसायची छोटी गादी, मिळते, पण सगळ्यांविरुद्ध एकटाच पडलेला असेल तर सोनेरी बैठक त्याला, बाकीच्यांना काहीच नाही. एकट्याचं म्हणणं ऐकायची सवय लागावी म्हणून. बरोबर उत्तर कुठंच छापलेलं नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तर माझा चुलतभाऊ भडकला. "ताई, इथं माणसं बुडतात आणि तू खेळ खेळा म्हणतीस?" त्याचा राग मला समजतो. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावाची बोट उलटली आणि पाण्यातून बाहेर पडायला निघालेलीच माणसं गेली. बोट, लाइफ जॅकेट, वेळेवर निघालेला आदेश, ह्यांची जागा कुठलाही खेळ घेऊ शकत नाही. जपानमधेही नाही घेतलेली, १ जानेवारी २०२४ ला नोतोच्या भूकंपात रस्तेच तुटले आणि थंडीत म्हातारी माणसं अडकून पडली. सरकारनं करायचं ते सरकारकडून मागायचंच, पण त्यासाठी थांबून आपल्या गल्लीनं करायचं ते का सोडायचं?

आणि खेळ म्हणजे पोरखेळ हे तर आपण तरी म्हणू नये. मोक्षपट, म्हणजे आपली जुनी सापशिडी, ज्ञानेश्वरांच्या नावानं सांगतात तो शिकवण्यासाठीच होता ना. फक्त आपत्तीची सापशिडी काढून शाळेत वाटली की काम झालं असं मला वाटत नाही, कारण तिथं फासा ठरवतो, साप लागला की नशीब. पूर आला की आपण तेच म्हणतो, ते अजून पक्कं कशाला करायचं. पत्ता हातात घेऊन स्वतः जागा ठरवावी लागली पाहिजे, आणि शेजारच्यानं "इथं का?" विचारलं पाहिजे.

आपले पत्ते आपल्यालाच लिहावे लागतील. जिल्हा परिषदेची शाळा, सहासात खोल्या, एक बोअर, संडासाला पाणी नाही. डायलिसिसवाले काका. आठव्या महिन्यातली सून. बांधकामावरचा बिहारचा गवंडी, मराठी येत नाही, बायको आणि दोन पोरं बरोबर, हा पत्ता मी सगळ्यात आधी लिहिला. आणि जातीचा विषय टाळून हे होणार नाही, कुठल्या गल्लीची माणसं कुठल्या खोलीत आणि पाण्याच्या पिंपाला कोण हात लावणार यावरून ऐन पुरात कुजबूज होण्यापेक्षा ते भांडण कोरड्या दिवसात, पत्त्यांवरून झालेलं मला चालेल. जागा आणि माणसं आपल्याकडं तयार आहेत. गणपतीत दहा दिवस मंडळाच्या मांडवात अख्खी गल्ली जमते, २०१९ ला छातीएवढ्या पाण्यात उतरलेली पोरंही ह्याच मंडळांची होती, त्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ ह्या खेळाला पुरे. संकट काही सणवार बघून येत नाही, १९९३ ला किल्लारीचा भूकंप विसर्जन करून दमून झोपलेल्या गावांवरच आला होता, ३० सप्टेंबरच्या पहाटे.

गेल्या रविवारी आत्याला फोनवर हे समजावून सांगत होते. २०१९ ला ती शेवटपर्यंत घर सोडायला तयार नव्हती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझा पत्ता लिही. म्हातारी, वय ७१, गुडघं दुखत्यात, म्हशी तीन, त्यातली एक गाभण. म्हशींची सोय हुईस्तोवर येणार न्हाई." मी तसंच्या तसं लिहून घेतलं. मग शाळेचा नकाशा समोर धरून मी विचारलं, "आत्या, बांधायच्या कुठं गं?" तर म्हणाली, "मैदानात नगं, तिथं पाणी साचतंय. मुख्याध्यापकांच्या खोलीमागं जरा उंचवटा हाय बघ." तो उंचवटा माझ्या नकाशात नव्हता. पेन्सिलनं काढला आणि पत्ता त्याच्यावर ठेवलाय, पण वैरण तिथपर्यंत कोण आणि कुठून नेणार ते अजून ठरलेलं नाही, या रविवारी परत फोन करायचाय.