रक्त कमी चाललं असतं, फॉगी हवा होता

आधीच सांगते, स्पॉयलर भरपूर आहेत. डेअरडेव्हिल म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधला मॅट मर्डॉक, आंधळा वकील, जो तीक्ष्ण कानांच्या जोरावर रात्री मुखवटा घालून गुंडांशी लढतो. त्याच्यावरच्या नेटफ्लिक्सवाल्या मालिकेचे तीन सिझन आणि पुढे डिस्नेकडे आलेल्या 'बॉर्न अगेन'चा पहिला सिझन अजून बघायचा असेल तर इथूनच मागे फिरा. नंतर येऊन शिव्या घालायच्या नाहीत.

डेअरडेव्हिलचे दोन चाहते भेटले की तिसऱ्या वाक्याला 'हॉलवे फाइट', म्हणजे बोळातली ती मारामारी, निघतेच. निघू दे, तक्रार नाही. २०१५च्या पहिल्या सिझनमधल्या दुसऱ्या भागाचा तो शेवट मीही पुन्हापुन्हा बघते. पण त्याबद्दल जे बोललं जातं ते ऐकून माझं डोकं फिरतं. कॅमेरा कुठेही कट होत नाही, एकटा पठ्ठ्या किती जणांना लोळवतो, याचंच कौतुक. अरे, त्या प्रसंगात मॅट मर्डॉक आत शिरतो तोच अर्धमेला! भाग सुरू होतो तेव्हा तो कचऱ्याच्या डब्यात पडलेला असतो आणि क्लेअर टेंपल नावाची नर्स त्याला तिथून उचलून घरी आणते, टाके घालते. त्याच अवस्थेत तो रशियनांनी पळवलेल्या एका पोराला सोडवायला जातो. मारामारीत मध्येच भिंतीला टेकतो. त्याचे ठोसे हुकतात. ज्याला पाडलं तो पुन्हा उठून अंगावर येतो. कॅमेरा बऱ्याचदा बाजूच्या खोल्यांत जातसुद्धा नाही, बाहेर थांबून आपल्याला नुसते आवाज ऐकवतो. शेवटी पोराला उचलून तो निघतो तेव्हा जिंकल्याचा आव कुठेच नाही. दमलेला माणूस आहे तो.

माझ्या मते या मालिकेचं सगळं वजन त्या दमण्यात आहे. आपण चाहत्यांनी मात्र टाळ्या वाजवल्या त्या हॉलवेला. मग काय, प्रत्येक सिझनला एक लांबलचक शॉट आलाच पाहिजे, नाहीतर आमची मंडळी नाराज. दुसऱ्या सिझनमध्ये जिना आला, तिसऱ्यात तुरुंगातला जवळजवळ ११ मिनिटांचा शॉट आला. (तुरुंगाचा जबरदस्तच आहे, खोटं कशाला बोलू. पण तोही चालतो कशामुळे? मॅटला आत काहीतरी टोचलेलं आहे, त्याचा तोल जातोय, आणि मध्येच त्याला थांबून एका अल्बेनियन गुंडाशी घासाघीस करावी लागते म्हणून.)

किंगपिन म्हणवला जाणारा खलनायक विल्सन फिस्क, त्याचंही तेच. पहिल्या सिझनमध्ये तो दिसतो थेट तिसऱ्या भागाच्या अखेरीस. तोवर त्याचं नाव घ्यायचीही सोय नसते. त्याच भागात एक माणूस ते नाव सांगून बसतो आणि भीतीपोटी स्वतःच स्वतःचा जीव घेतो. एवढी दहशत उभी केल्यावर फिस्क पडद्यावर येतो कसा, तर एका गॅलरीत जवळजवळ कोऱ्या पांढऱ्या चित्रापुढे उभा, आणि हे चित्र बघून मला एकटं वाटतं म्हणणारा. फिस्क झालेला व्हिन्सेंट डी'ओनोफ्रिओ ते वाक्य इतकं अवघडून म्हणतो की त्याचीच दया यावी. पुढच्या भागात मोटारीच्या दारात रशियन माणसाचं डोकं ठेचतो तोही हाच. त्या प्रसंगाच्या क्लिप दहा वर्षं फिरताहेत, 'काय ब्रूटल आहे' म्हणून. पण तो चिडलेला असतो कशावरून, हे क्लिपमध्ये कळत नाही. ज्या बाईवर त्याचं मन जडलंय त्या व्हनेसाबरोबर जेवायला बसलेला असताना तो रशियन मध्ये घुसतो आणि तिच्यादेखत त्याला ओशाळं करतो, एवढंच कारण. एका लाजाळू माणसाची अब्रू गेली म्हणून दुसऱ्याचं डोकं गेलं. अंगावर काटा येतो तो या हिशोबाने. रक्त कुठल्याही मालिकेत बादल्यांनी मिळतं.

आणि पहिल्या सिझनमधला माझ्या लेखी सगळ्यात क्रूर भाग कुठला विचाराल तर दहावा. त्यात मारामारी जवळपास नाहीच. फॉगी नेल्सनला आपला जिवलग मित्र रात्री मुखवटा घालून फिरतो हे कळलेलं आहे, मॅट टाक्यांसकट पडून आहे आणि दोघं बोलताहेत. मध्येमध्ये कॉलेजच्या आठवणी, वकिलीच्या जागी अवोकाडो म्हणणारा तो पाचकळ विनोद. शेवटी फॉगी त्यांच्या ऑफिसची पाटी कचऱ्यात टाकतो. फॉगी झालेला एल्डन हेन्सन त्या भागात मॅट झालेल्या चार्ली कॉक्सच्या तोडीस तोड उभा राहिलाय, आणि त्याबद्दल त्याचं म्हणावं तितकं नाव झालं नाही याचा मला राग आहे.

चाहत्यांच्या प्रतिक्रियांविषयी बोलायचं तर सगळ्यात महत्त्वाची प्रतिक्रिया अगदी पहिल्याच आठवड्यात आली होती आणि आपल्यातल्या बहुतेकांना तिचा पत्ताही नाही. मालिकेचा नायक आंधळा. पण १० एप्रिल २०१५ला ती आली तेव्हा अंध प्रेक्षकांसाठी तिला ऑडिओ डिस्क्रिप्शन नव्हतं, म्हणजे पडद्यावर काय घडतंय ते आवाजात सांगणारा वेगळा ट्रॅक. मालिकेत तर मिनिटमिनिटभर कोणी बोलत नाही, नुसते श्वास आणि धपाधप. अंध नायकाची गोष्ट, आणि अंध माणसालाच समजणार नाही! नेटफ्लिक्सवर अशी सोय असावी म्हणून अंध कार्यकर्ते आधीपासून भांडत होतेच, डेअरडेव्हिलमुळे त्यांच्या म्हणण्याला धार आली. चारच दिवसांत नेटफ्लिक्सने जाहीर केलं की ऑडिओ डिस्क्रिप्शन सुरू करतोय, आणि सुरुवात डेअरडेव्हिलपासून. पुढे ते इतर मालिकांनाही मिळत गेलं. मुखवट्याचा रंग, शिंगांची लांबी यावर आपण जे रणकंदन केलं त्याच्याशेजारी ही मागणी ठेवून बघा.

रंगावरून आठवलं. पहिल्या सिझनमध्ये तो लाल पोशाख अगदी शेवटच्या भागात येतो. आला तर 'काळाच बरा होता' म्हणून ओरड. तिसऱ्या सिझनमध्ये मॅट पुन्हा काळ्यावर आला आणि लाल पोशाख घालून डेक्स, म्हणजे पुढे बुल्सआय होणारा खुनी, लोकांचे मुडदे पाडू लागला, तर 'आमचा लाल कुठाय' म्हणून ओरड. बिचाऱ्यांनी करायचं तरी काय?

नोव्हेंबर २०१८मध्ये मालिका बंद झाली. तिसरा सिझन येऊन जेमतेम दीड महिना झालेला, लोक त्याला डोक्यावर घेत होते, आणि अचानक ही बातमी. त्यानंतर 'सेव्ह डेअरडेव्हिल' म्हणून जी मोहीम चालली तिचं मला मनापासून कौतुक आहे. शिस्तीत चालवली लोकांनी. करारानुसार ही पात्रं दोन वर्षं दुसरीकडे वापरता येणार नव्हती असं तेव्हा छापून आलं होतं, त्यामुळे ही मंडळी तारखा मोजत बसली होती. डिसेंबर २०२१मध्ये 'नो वे होम'मध्ये चार्ली कॉक्स दिसला, त्याच महिन्यात 'हॉकआय'मध्ये डी'ओनोफ्रिओ. तेव्हा मी टीव्हीसमोर ओरडले होते. तुम्हीही ओरडला असाल.

पण 'बॉर्न अगेन' सुरुवातीला ज्या रूपात ठरली होती त्यात मॅट-फॉगीची ऑफिसमधली जिवलग कॅरन आणि फॉगी नव्हतेच. नायक आणला, खलनायक आणला, आणि ज्यांच्यामुळे नायकाला काही गमवायची भीती होती ते दोघे घरी बसवले! २०२३च्या हॉलिवूडमधल्या लेखक-कलाकारांच्या संपांमध्ये चित्रीकरण थांबलं, झालेलं काम मार्व्हलच्या वरिष्ठांनी पाहिलं, आणि लेखक-दिग्दर्शक बदलले. डारिओ स्कार्डापेन शोरनर, म्हणजे मालिकेचा मुख्य कर्ताधर्ता, म्हणून आला, जस्टिन बेन्सन आणि एरन मूरहेड दिग्दर्शक म्हणून. पहिला भाग आणि शेवटचे दोन नव्याने केले, मधले बरेचसे जुन्या चित्रीकरणातले, वर ठिगळं लावून. आता हे सगळं ठाऊक असल्यावर बघताना शिवण दिसतेच.

आणि मग मार्च २०२५ उजाडला. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच बुल्सआय गोळी घालतो आणि फॉगी जातो. ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं लोक गळा काढत होते तो आला आणि पंधरा मिनिटांत गेला.

त्या दिवशीच्या प्रतिक्रिया बघण्यासारख्या होत्या. निम्मे म्हणत होते, विश्वासघात. निम्मे म्हणत होते, हेच तर हवं होतं, डिस्नेकडे गेली तरी मालिका मऊ पडली नाही. मला राग आला दुसऱ्या गटाचा. फॉगीला मारणं हे धाडस कुठून झालं? मरणं ही त्या जगातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. फॉगीला जिवंत ठेवून त्याच्या तोंडावर खोटं बोलत राहणं, ते कठीण होतं, आणि जुनी मालिका तीन सिझन तेच करत होती. मरणाचा आघात म्हणून तो प्रसंग लागतो, नाही म्हणत नाही. छतावर उभा राहून मॅट खाली फॉगीचे ठोके थांबताना ऐकतो, ही कल्पना भारी आहे आणि फक्त याच नायकाला शोभणारी आहे. पण पुढचे आठ भाग मॅटला 'काय केलंस तू' असं विचारायचा हक्क असलेलं माणूसच बराच काळ आसपास नाही. कॅरनही मधल्या भागांत गायब. नव्या वकीलबाई चांगल्या आहेत हो, मैत्रीण थेरपिस्ट आहे, पण त्यांना माहीतच नाही ना काही!

पाचव्या भागावरून किती बोलणी खाल्ली मालिकेने! बँकेवर दरोडा पडतो, मॅट आत अडकतो, सोबत मिस मार्व्हल म्हणजे कमला खानचे वडील युसुफ, म्हणजे आपले मोहन कपूर. 'फिलर' म्हणून लोकांनी उडवून लावला. मला आवडला. पोशाख नाही, गाजावाजा नाही, एक आंधळा वकील नुसत्या कानांच्या आणि डोक्याच्या जोरावर वेळ काढतोय. याउलट शेवटच्या भागात फिस्क पोलीस आयुक्त गॅलोचं डोकं नुसत्या हातांनी चिरडतो, आणि क्लिप लगेच सगळीकडे: 'डेअरडेव्हिल इज बॅक'. मोटारीच्या दाराशी तुलना करा. इथे फिस्क महापौर आहे, विरोधक आडवा आला, काढला. लाज नाही, व्हनेसाची भीती नाही. मेकअपवाल्यांचं काम उत्तम, पण माझ्या पोटात खड्डा पडला नाही.

एका बाबतीत मात्र नव्या मालिकेला शंभर गुण. पनिशर म्हणजे फ्रँक कॅसल, गुन्हेगारांना स्वतःच ठार मारणारा; त्याच्या छातीवरची ती कवटी. प्रत्यक्षात अमेरिकेत काही पोलीस ती कवटी गणवेशावर, गाड्यांवर लावून मिरवत आले आहेत. २०१९च्या एका कॉमिकमध्येच फ्रँक कॅसल पोलिसांच्या गाडीवरचं आपलं चिन्ह फाडतो आणि आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे बघा म्हणून सांगतो. 'बॉर्न अगेन'ने असे पोलीस थेट पात्रं म्हणून आणले. कवटी गोंदवलेले, फिस्कच्या पदरी असलेले, फ्रँकचे भक्त. आणि शेवटच्या भागात फ्रँक झालेला जॉन बर्नथाल या भक्तांनाच बुकलतो. कवटीचा टीशर्ट घालून 'फ्रँक बरोबर होता' लिहिणाऱ्या चाहत्यांना यापेक्षा सरळ उत्तर काय द्यायचं? तरी त्या प्रसंगाखाली काही जणांनी पुन्हा तेच लिहिलं. धन्य आहे.

आता राहिलं 'शी-हल्क', मार्व्हलची एक विनोदी मालिका, कारण त्याशिवाय कमेंटमध्ये भांडण पेटणार नाही. २०२२मध्ये मॅट तिच्या मालिकेत पिवळा-लाल पोशाख घालून आला, खुशाल प्रेमाचे चाळे केले, आणि सकाळी बूट हातात घेऊन अनवाणी तिच्या घरून निघाला. 'आमच्या मॅटचा विदूषक केला' म्हणून केवढा आकांत! पिवळा रंग १९६४च्या पहिल्या अंकापासूनचा आहे बाबांनो. साठच्या दशकात याच मॅटने माइक नावाचा जुळा भाऊ असल्याची थाप मारली, भडक कपडे घालून स्वतःच माइक झाला आणि फॉगी-कॅरनला कितीतरी अंक बनवलं. २०११पासून मार्क वेडने लिहिलेल्या अंकांत तो 'मी डेअरडेव्हिल नाही' असं लिहिलेला स्वेटर घालून नाताळच्या पार्टीला जातो. डेअरडेव्हिलचे गंभीर अंक लिहिणाऱ्या फ्रँक मिलरचा काळोख मलाही प्रिय आहे, पण साठ वर्षांत या माणसाला हसायची परवानगी बऱ्याच लेखकांनी दिलेली आहे. तेव्हा शी-हल्कवरून ज्यांना माझ्याशी भांडायचंय त्यांनी आधी वेडचे निदान दहा अंक वाचून यावं, मग बघू.