सात नंबर हिरवा आहे

हॉस्पिटलमधले बेड दाखवणाऱ्या स्क्रीनवर सात नंबरचा बेड हिरवा आहे. हिरवा म्हणजे रिकामा, पुसलेला, पेशंट आणा. आम्ही स्ट्रेचर घेऊन पोचतो तर बेडवर आजोबा बसलेत. पायात चपला, मांडीवर पिशवी. बिल मिटलं की बेड हिरवा, असं सॉफ्टवेअरला कुणीतरी शिकवून ठेवलंय. आजोबांचं बिल मिटलंय, गाडी यायचीय.

बारा नंबरचं उलटं: दोन तास मोकळा आहे आणि लाल, म्हणजे भरलेला, आहे. तिथला रंग बिलावर नाही, सिस्टरच्या बटणावर बदलतो. 'रिकामा' हे बटण दाबलं की चहा संपायच्या आत नवा पेशंट दारात येतो, हे सिस्टरना पक्कं ठाऊक. मग बटणं दाबली जातात ती ड्यूटी संपताना, सगळी एकदम. लॉग उघडून पाहा: सहा पेशंट 7:54 ते 7:58 या चार मिनिटांत खडखडीत बरे होऊन घरी गेले. असा चमत्कार रोज होतो. सिस्टरना दोष देण्यात अर्थ नाही. खरं बोलल्याची शिक्षा काम वाढून मिळते.

म्हणून बिलाचा नियम आणि बटण, दोन्ही काढावं. पेशंट बाहेर पडताना गेटपास स्कॅन झाला की बेड तपकिरी, म्हणजे मोकळा पण अस्वच्छ. सफाईवाल्या मावशींनी काम संपवून कोड स्कॅन केला की हिरवा. कोड भिंतीवर लावावा, बेडवर नको. बेडला चाकं असतात, तो एक्स-रेला गेला की कोडही जातो. आणि तपकिरीनंतर दोनच मिनिटांत हिरवा झाला तर सिस्टिमने तो नाकारावा. जंतुनाशक पृष्ठभागावर ओलं राहायला हवं, किती मिनिटं ते बाटलीवर छापलेलं असतं. नाहीतर कुणी सगळ्या कोडचे फोटो काढून स्टोअरमध्ये बसल्या बसल्या अख्खा वॉर्ड लखलखीत करतो.

एवढी कटकट कशाला? दिवसाला 20 डिस्चार्ज आणि प्रत्येकामागे 3 तास वाया, म्हणजे 60 तास. 24 ने भागा: रोज अडीच बेड हवेत विरतात.

सलाइन-औषध सोडणाऱ्या पंपांची कथा थोडक्यात. पंपाची जागा कळवणारा टॅग सांगतो पंप चौथ्या मजल्यावर. सिग्नल स्लॅबमधून झिरपतो, त्यामुळे पंप तिसऱ्यावर निघतो, चादरींच्या कपाटात, मागच्या बाजूला, 'आमचा' अशी चिकटपट्टी लावून.

गाडी आली. पण सात नंबर अजून अडलेलाच. आजोबांची कवळी सापडत नाहीये, आणि त्यासाठी स्क्रीनवर रंग ठेवलेला नाही.