खुलासा : रोटेटर कफ म्हणजे लिगामेंट नव्हे

‘रोटेटर कफ हे खांद्याचं सर्वांत मोठं लिगामेंट’ असं लिहिलेली एक आकृती फिरते आहे. मीही ती पुढे पाठवली होती. नंतर शरीररचनेचं पाठ्यपुस्तक उघडलं आणि चूक कळली. लिगामेंट हाडाला हाड बांधतं. रोटेटर कफ बनतो तो सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस या 4 स्नायूंच्या टेंडननी, आणि टेंडन स्नायूला हाडाशी जोडतं. खांद्याची लिगामेंट वेगळी : सांध्याच्या पुढच्या भागात 3 ग्लेनोह्यूमरल, वर कोराकोह्यूमरल. (कोराकोअॅक्रोमियल तर गमतीशीरच, ते स्कॅप्युला या एकाच हाडाचे दोन उंचवटे जोडतं!) ती आकृती कृपया पुढे पाठवू नका, आधीच पाठवली असेल, तर हा खुलासाही तिथे टाका.