कुत्र्याच्या आंघोळीला वार कशाला?

पुण्यात दादाच्या सोसायटीची सभा येत्या रविवारी आहे. विषयपत्रिकेवरचा शेवटचा ठराव असा: ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी त्याला दर आठवड्याला आंघोळ घातलीच पाहिजे, आणि न घातलेल्या कुत्र्याला लिफ्ट बंद. पावसाळा सुरू झाल्यापासून लिफ्टमध्ये वास येतो, अशी तक्रार आहे. सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस यावरून जुंपली आहे. एका बाजूचं म्हणणं, आठवड्यातून एकदासुद्धा कमीच. दुसरी बाजू म्हणते, परदेशात कुत्र्यांना कोणी आंघोळ घालतच नाही, मग इथेच का? दादाकडे ब्रूनो आहे, चार वर्षांचा लॅब्रडॉर. त्याने मला दोन्ही बाजूंचे निरोप पाठवले आणि खाली लिहिलं, "तू तिकडे आहेस, तूच सांग काय ते."

म्हणून हे लिहिते आहे. आमच्या घरी असा कुत्रा आहे जो दोन्हीकडे राहिला आहे, त्यामुळे मला यात बोलायचा थोडा हक्क आहे असं मी समजते.

मोत्या गावठी. कोथरूडला भाजीवाल्यांच्या मागे सापडला तेव्हा मुठीत मावेल एवढा होता. दोन वर्षं आमच्याजवळ पुण्यात राहिला आणि 2019 मध्ये आमच्याबरोबर जर्मनीत म्युनिकला आला. भारतातून युरोपात कुत्रा आणायचा तर आधी चिप बसवावी लागते, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान तीस दिवसांनी रक्त मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं आणि ते पास झालं तरी रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. ते सगळं आम्ही केलं. त्याला मागे ठेवून यायचा विचार मनातही आला नव्हता.

पुण्यात मोत्याची आंघोळ दर रविवारी असे. बादलीभर गरम पाणी, आमचाच शाम्पू, आणि शेजारच्या एकांनी सांगितलं म्हणून पाण्यात झाकणभर जंतुनाशक. बादलीचा आवाज झाला की तो पलंगाखाली जायचा, आणि मी त्याला पुढच्या पायांना धरून बाहेर ओढायचे. मंगळवारपर्यंत तो अंग खाजवायला लागे. पाठीवर पिठासारखा कोंडा दिसे. मला वाटे, मळ राहिला असणार. मग गुरुवारी पुन्हा आंघोळ. दोन वर्षं हेच चाललं, आणि आपण त्याला किती स्वच्छ ठेवतो याचं मला समाधान होतं. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

म्युनिकमध्ये ज्या डॉक्टरांकडे त्याला पहिल्यांदा नेलं, त्यांनी त्याच्या पाठीवरचे केस उलट्या दिशेने फिरवून खालची कातडी पाहिली. आंघोळ कितीदा घालता, असं विचारलं. मी सांगितलं, आठवड्यातून दोनदा. त्या म्हणाल्या, आता दोन महिने अजिबात नको, रोज दहा मिनिटं ब्रश करा आणि मग या. आणि त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा खूपच पातळ असतो, पेशींचे जेमतेम तीन ते पाच पदर. आपली कातडी आम्लधर्मी असते, सामू (पीएच) साधारण साडेपाच. कुत्र्याची सातच्या जवळपास जाते. आपल्यासाठी बनवलेला शाम्पू त्याला मानवत नाही तो त्यामुळेच. शिवाय आपल्यासारखा त्याला अंगभर घाम येत नाही. त्याच्या केसांच्या मुळाशी जे तेल सुटतं, तेच त्याचं पांघरूण. ते दर आठवड्याला धुऊन काढलं की कातडी कोरडी पडते, खाज सुटते आणि आपण त्या खाजेला मळ समजतो.

पहिले तीन आठवडे मोत्याला वास आला, हे खरं आहे. मी दोनदा शाम्पूच्या बाटलीला हात घातला आणि परत ठेवली. पाचव्या आठवड्यात कोंडा गेला. दोन महिन्यांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला तर बोटांना किंचित तुकतुकी लागली. तसा हात मी त्याआधी त्याच्यावर कधी फिरवलाच नव्हता. आता वर्षातून चार-पाच आंघोळी होतात. ईझार नदीत डुंबून आला की साध्या पाण्याने धुतो, हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाने पंजे चिरतात म्हणून घरी आल्या आल्या कोमट पाण्यात पंजे बुडवतो. बाकी दारामागे टांगलेला टॉवेल आणि ब्रश.

इथे कुत्रा सगळीकडे असतो. मेट्रोत माणसामागे एक कुत्रा फुकट बसतो, खाणावळीत टेबलाखाली झोपतो, वेटर न सांगता पाण्याचं भांडं आणून ठेवतो. त्याबद्दल महापालिका वर्षाला 100 युरो कर घेते आणि आम्ही भरतो. इतक्या कुत्र्यांनी भरलेल्या गाडीत कोणी कोणाला शेवटची आंघोळ कधी घातली होती असं विचारत नाही, आणि वासाने जीव घाबरा होतोय असंही होत नाही.

पण हे वाचून सोसायटीतल्या दुसऱ्या बाजूने लगेच "बघा, परदेशात!" म्हणू नये. इथली हवा थंड, हिवाळ्यात घरातली हीटरची हवा कोरडी ठाक. कुत्र्याचं अंग ओलं राहायला कारणच नाही. पुण्यातल्या जुलैची गोष्ट वेगळी आहे. चपला बाहेर काढून आत येणारी आपली घरं, जमिनीवर मांडी घालून जेवणारी माणसं, आईचं देवघर. त्या घरात कुत्रा स्वच्छ असावा ही अपेक्षा अगदी रास्त आहे, आणि जर्मन माणसाचं बघून ती मोडीत काढावी असं मला मुळीच वाटत नाही. शिवाय ज्या कुत्र्याला ॲलर्जीचा त्वचारोग आहे किंवा कातडीवर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढली आहे, त्याला इथलेही डॉक्टर आठवड्यातून एकदा, कधी दोनदा औषधी शाम्पूने आंघोळ घालायला सांगतात. फेस अंगावर दहा मिनिटं ठेवायचा, घड्याळ लावून. तिथे "आम्ही आंघोळ घालत नाही" म्हणून बसणं हा त्या मुक्या जिवावर अन्याय आहे.

माझा आक्षेप आहे तो वार ठरवण्याला. आणि तो कशासाठी, हे ब्रूनोवरूनच सांगते.

गेल्या शनिवारी वहिनींशी व्हिडिओवर बोलत होते. त्या कंटाळल्या होत्या. "अहो, आंघोळ घातली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास. आता रोज घालू का?" मी म्हटलं, वहिनी, त्याचा कान जरा उलटून दाखवा. लॅब्रडॉरचे कान पडलेले, झाकण लावल्यासारखे. दादाने कानाची पाळी वर उचलली, आणि आतली कातडी लालबुंद, त्यावर तपकिरी चिकट मळ. दादाने बोट नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं. लिफ्टमधला वास तो हाच. गेले दोन महिने दर रविवारी त्या कानात पाणी जात होतं, आणि दमट हवेत ते वाळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कानातला मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. यीस्टच निघाली. म्हणजे ठराव मंजूर होऊन ब्रूनोला आठवड्याला न चुकता आंघोळ घातली असती, तर लिफ्टमधला वास वाढलाच असता.

पावसाळ्यातला वास बहुतेक वेळा ओलाव्याचा असतो. लॅब्रडॉरला दोन पदरी केस असतात. वरचे राठ, खालची दाट लव. वरून कोरडा दिसणारा कुत्रा आतून ओला असतो. जुलैत आंघोळ घालून पंख्याखाली सोडून दिलेला लॅब्रडॉर रात्रीपर्यंत वाळत नाही. काखेत, मांडीच्या फटीत, बोटांच्या बेचक्यात ओल राहते आणि तिथेच बुरशी धरते. अशा दिवसांत घालायचीच असेल तर आंघोळीला दहा मिनिटं आणि पुसायला अर्धा तास, असा हिशेब हवा.

गोचिड्यांचंही तसंच. "आंघोळ नाही घातली तर गोचिड्या होतात," हे ग्रुपवर चौघांनी लिहिलंय. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरातच अंडी घालते, हजारोंनी, भिंतीच्या भेगांत आणि चौकटींच्या फटीत. कुत्र्याला कितीही धुतलं तरी तिथल्या अंड्यांना धक्काही लागत नाही. तिच्यावर उपाय म्हणजे डॉक्टर मानेवर टाकायला देतात ते थेंब किंवा गोळी. आणि यातले मानेवरचे बरेच थेंब कातडीच्या तेलातूनच अंगभर पसरतात. टाकण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको, असं अनेक पाकिटांवर छापलेलं असतं. दर आठवड्याला शाम्पू लावून आपण ते तेल काढतो, त्याबरोबर थेंबही वाया घालवतो आणि मग गोचिडीमुळे होणारा टिक फिव्हर झाला की नशिबाला दोष देतो.

ग्रुपवर एका निरोपाने मात्र मी थांबले. चौथ्या मजल्यावरच्या एका बाबांनी लिहिलंय, माझ्या मुलीला दमा आहे, कुत्र्यांना आंघोळ घातली तर तिला त्रास कमी होईल. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नये. धुतल्यावर कुत्र्याच्या अंगावरचे ॲलर्जीचे कण कमी होतात हे खरं आहे. पण 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ते काही दिवसांत पुन्हा वाढतात, आणि कमी ठेवायचे तर आठवड्यातून किमान दोनदा धुवावं लागतं. म्हणजे या ठरावाने त्या मुलीचाही फायदा नाही. ती शाळेला निघते त्या पंधरा मिनिटांत कुत्रेवाल्यांनी लिफ्ट वापरू नये, एवढं ठरवलं तर खरा फायदा. दादा आजपासूनच ते पाळणार आहे.

आईने हे सगळं ऐकलं आणि तिचा मुद्दा वेगळाच निघाला. तिचं माहेर लातूर. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा मामी घागरी मोजून घरात घेत होती. आई म्हणाली, "मे महिन्यात तुमच्याकडे टँकर येतो, आणि कुत्र्यावर दर रविवारी चार बादल्या ओतायचा ठराव करता?" या प्रश्नाला सभेत कोणाकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही.

दादाला हवं होतं ते साधं उत्तर: कितीदा? ब्रूनो बरा असेल तर कोरड्या दिवसांत महिना-दीड महिन्याने, कुत्र्यांच्याच शाम्पूने, तो मगभर पाण्यात पातळ करून. पावसाळ्यात त्याहून कमी. दुसऱ्या मजल्यावरच्या शित्झूचे केस वाढतच राहतात, त्याला तीन-चार आठवड्यांनी लागेल, आणि आधी गुंता काढून, कारण ओला गुंता दोरखंडासारखा आवळतो. मोत्यासारख्या गावठीला वर्षातून चार-पाचदा. शेणात लोळून आला तर त्याच दिवशी, मग वार कुठला का असेना. आणि रोज हात फिरवायचाच. कान, काख, बेचकी. ब्रशमधून काळे ठिपके पडले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर टिपून पाहायचे. तांबूस डाग उठला तर पिसवा.

कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्येच लेखी कळवलं आहे, तेव्हा ठराव तसाही टिकणार नाही. पण कायदा दाखवून शेजाऱ्यांना गप्प बसवू नकोस, असं मी दादाला सांगितलं. त्यांना वास येत होता, आणि तो खराच होता.

काल रात्री दादाने त्याच्या पर्यायी ठरावाचा मसुदा पाठवला. रेबीजची लस आणि गोचिडीच्या औषधाची नोंद दरवर्षी सोसायटीला द्यायची. पावसातून आलेला कुत्रा पुसून, कोरडा करूनच लिफ्टमध्ये न्यायचा. आणि खाली पेनाने एक ओळ वाढवली आहे: तळमजल्यावर जिन्याच्या बाजूला टॉवेल टांगायला चार खिळे ठोकायची परवानगी मिळावी.