काकूंचा भात बंद करण्यावरून झालेला वाद

काल कट्ट्यावर वाद पेटला तो नानाच्या एका वाक्यावरून. "अल्झायमर म्हणजे मेंदूचा मधुमेह, टाइप थ्री. आईचा भात, केळं, चहातली साखर, सगळं बंद केलंय मी."

काकू ७६ वर्षांच्या, शुगर जुनी. हल्ली तेच तेच विचारतात, म्हणून नाना धास्तावलाय.

संज्याचं मेडिकल आहे. त्याने एवढंच विचारलं, "जेवण अर्ध्यावर आणलंस, आणि गोळी?"

"गोळी तीच. ग्लिमेपिराइड, सकाळची."

मग एकेक बाहेर आलं. गेल्या आठवड्यात अकराच्या सुमाराला काकू दाराशी उभ्या होत्या. हात कडीवर, पण ती सरकवायची कशी हेच सुचेना. ब्लाउज घामाने चिंब, बोटं थरथरत होती. नानाला वाटलं, आजार वाढला. जेवल्यावर अर्ध्या तासात त्या नेहमीसारख्या बोलायला लागल्या. ग्लुकोमीटर कपाटात होता, पट्ट्यांची तारीख उलटलेली.

"अरे, ही लक्षणं शुगर लो झाल्याची!" संज्या ओरडलाच. "ही गोळी दिवसभर शुगर उतरवत राहते. म्हातारपणी किडनी मंदावली की आणखी जास्त वेळ. वरून तू पोटात काही जाऊ देत नाहीस."

नाना मागे हटेना. "टाइप थ्री हे काय मी शोधलं?"

मंजू कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. नानाचं निम्मं खरं, म्हणाली. २००५ साली ब्राउन विद्यापीठाच्या सुझान डे ला मॉन्टे यांच्या गटाने हे नाव सुचवलं. अल्झायमरने गेलेल्यांच्या मेंदूत इन्सुलिनचे संदेश क्षीण झालेले त्यांना दिसले होते. स्मरणशक्तीचं केंद्र असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये इन्सुलिनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश घेणाऱ्या जागा, भरपूर असतात. शिवाय इन्सुलिन मोडणारं एन्झाइम अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिनही मोडतं. रक्तात इन्सुलिन सतत चढलेलं राहिलं तर हे एन्झाइम ते मोडण्यातच गुंतून पडतं आणि अमायलॉइड साचतं, अशी एक मांडणी आहे.

"पण टाइप थ्री हे गृहीतक आहे, निदान नव्हे," तिने बजावलं. नाकातून इन्सुलिन देऊन पाहिलं, २०२० साली निकाल आला, स्मरणशक्तीत फायदा दिसला नाही. सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाची गोळी सुमारे ३,८०० जणांवर तपासली, २०२५ मध्ये कळलं की आजाराचा वेग कमी झाला नाही. इन्सुलिनची गाडी रुळावर आणली की आठवणी परत येतात, इतकं ते सरळ नाही.

संज्याकडे आणखी एक दाखला होता. कॅलिफोर्नियातल्या १६,६६७ मधुमेहींचा अभ्यास, २००९ चा. शुगर इतकी उतरली की दवाखान्यात न्यावं लागलं, अशांमध्ये पुढे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, जास्त आढळला, आणि जितक्या वेळा तसं झालं तितका धोका वाढलेला.

"उलटंही असेल," नाना म्हणाला. "विसरायला लागलेला माणूसच जेवायचं विसरतो, गोळी दोनदा घेतो."

मुद्दा बिनतोड होता. मंजूनेही मानला. पण माझ्या मते तो नानाच्याच विरुद्ध जातो. विसरणाऱ्या माणसाला कडक पथ्य आणि जोरदार गोळी दोन्ही देणं तर मग अधिकच घातक. वय झालेल्यांना, त्यातून इतर आजार असतील तर, एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा, आठ टक्क्यांच्या आत असलं तरी चालतं असं आता डॉक्टरच सांगतात. फॉरवर्ड वाचून आईचं ताट कमी करणाऱ्या मुलांचा मला मनापासून राग येतो, त्यांचं प्रेम कळूनही.

काकू शुगरची दुसरी गोळी, मेटफॉर्मिनही घेतात, तीही वर्षानुवर्षं. त्याने बी-१२ कमी होतं आणि बी-१२ कमी झालं की विसरायला होतं. ते भरून काढता येतं. ते कधी तपासलंच नव्हतं.

मंजू शेवटी नानाकडेच वळली. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासात, सत्तरीला पोचताना ज्यांचा मधुमेह दहा वर्षांहून जुना होता, त्यांना डिमेन्शियाचा धोका मधुमेह नसलेल्यांच्या दुप्पट निघाला. "म्हणजे शुगर सांभाळायचं वय तुझं आहे, नाना. तुझी कधी तपासलीस?"

"आईचं आटपू दे."

"दोघांचंही उद्याच करा," संज्या म्हणाला. "आणि एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही. काकूंना नीट नाश्ता देऊन मगच घेऊन जा, गोळीचं डॉक्टरांना विचार."