थंडीतलं भात नकली नव्हे

बेळगाव भागात येळ्ळूर-वडगावपासून खानापूरपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘भात हे उष्ण मुलखाचंच पीक. थंड प्रदेशासाठीची नवी वाणं जनुकं बदलून केलेली. त्यांना ना वास ना चव, बीही दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. देशी बी जपा.’ माझ्या आत्यानं तो काळजीनं तिसऱ्यांदा पाठवला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिलंच वाक्य चुकीचं. काश्मीर खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या भात पिकतं. नेपाळच्या जुम्ल्यात सुमारे ३००० मीटर उंचीवर ‘जुम्ली मार्शी’ हे भात होतं. जपानचं होक्काइदो तर हिवाळाभर बर्फाखाली असतं. तिथं १८७३ साली नाकायामा क्यूझो या शेतकऱ्यानं ‘आकागे’ नावाचं तिथलंच जुनं वाण पिकवून दाखवलं. तरवा (लावणीसाठीची कोवळी रोपं) गारठू नये म्हणून तो वाफ्यात न्हाणीचं ऊन पाणी सोडायचा, असं सांगतात.

आता जनुकांचा आरोप. थंडीचा खरा घाव बसतो तो भात पोटरीत, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असताना. लोंबी निसवायच्या दहा-बारा दिवस आधी कडक गारठा पडला तर पराग पोसत नाही. वरून लोंबी बरी दिसते, पण दाणा नखानं दाबावा तर नुसतं टरफल. म्हणून पैदासकार दोन वाणांचा संकर करतात, पुढच्या पिढ्या मुद्दाम गार पाणी सोडलेल्या शेतात लावतात आणि दाणे भरलेली रोपंच पुढं नेतात. यात कुणी प्रयोगशाळेत जनुकं बदलत नाही; लागतात ती वर्षं आणि चिकाटी. नेपाळात १९९६ साली आलेलं ‘माछापुच्छ्रे-३’ असंच: छोम्रोंग गावचं स्थानिक भात आणि जपानी ‘फुजी १०२’ यांचा संकर, आणि निवड डोंगरातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतात केलेली.

संकरानं वास जातो म्हणणाऱ्यानं आपल्या ताटात बघावं. इंद्रायणी म्हणजे आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ या वाणांचा संकर, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला. शिजताना घरभर घमघमाट सुटतो! आणि तिचं बी आपण घरीच धरतो की. दरवर्षी विकत घ्यावं लागतं ते हायब्रिडचं, म्हणजे संकराच्या पहिल्याच पिढीचं बी; इंद्रायणीसारखी वाणं संकरानंतर पिढ्यान्‌पिढ्या निवडून स्थिर केलेली असतात. मेसेजनं दोन्हींची सरमिसळ केलीय.

देशी बी जपा, हे मेसेजमधलं एक वाक्य मात्र मला शंभर टक्के पटतं. बेळगाव बासमती ज्यांच्याकडे अजून आहे त्यांनी ती सोडू नये. थंडी सोसणारी वाणंसुद्धा आकागे, छोम्रोंग अशा जुन्या बियाण्यांतूनच निघाली.

आपल्या खरिपाला थंडीचं फारसं भय नाही. पण पाण्याची सोय असलेले काहीजण उन्हाळी भातासाठी डिसेंबर-जानेवारीत तरवा टाकतात, तेव्हा तो पिवळा पडून खुंटतो. त्यांनी संध्याकाळी वाफ्यात पाणी भरावं आणि रात्रभरात गार झालेलं ते पाणी सकाळी सोडून द्यावं.