कोलोनच्या मनोऱ्यावरची क्रेन 400 वर्षं उभी होती, काकाजी

आमच्या गावच्या ग्रुपवर आठ दिवसांपासून एकच मेसेज फिरून राहिला. युरोपातली मोठमोठी चर्च म्हणे त्या काळच्या माणसांनी बांधलीच नाहीत, क्रेन नव्हती, नकाशे नव्हते, तरी एक चूक नाही, म्हणजे कोण्यातरी गायब झालेल्या प्रगत जमातीचं काम, अन् आज तसं कोणालेच जमत नाही. काकाजी, राग मानू नका, पण माझे बाबा गवंडी होते, मले हे वाचून वाईट वाटलं.

क्रेन नव्हती म्हणता? जर्मनीतल्या कोलोनचं कथीड्रल, म्हणजे मोठं चर्च, 1248 मध्ये बांधायला सुरू झालं, पुढं काम बंद पडलं, दक्षिणेकडचा मनोरा अर्धाच राहिला अन् त्याच्या डोक्यावर लाकडी क्रेन तशीच उभी, जवळपास 400 वर्षं! 1868 मध्ये उतरवली, तोवर कॅमेरा आला होता म्हणून तिचे फोटो आहेत. अशा क्रेनींत भलं मोठं लाकडी चाक असायचं, आत माणसं चालायची, चाक फिरलं की दोर गुंडाळला जायचा अन् दगड वर. आपल्या विहिरीवरच्या रहाटासारखंच.

नकाशा तर त्याच चर्चचा सापडला. समोरच्या बाजूचा, चामड्यावर काढलेला, चार मीटरहून उंच. अर्धा 1814 मध्ये जर्मनीतल्याच डार्मश्टाट शहरात सापडला, उरलेला दोन वर्षांनी पॅरिसमध्ये. तोच समोर ठेवून 1880 मध्ये 157 मीटरचे मनोरे पुरे केले.

चुका? फ्रान्समधल्या बोव्हेच्या चर्चचं दगडी छत 48 मीटर उंच नेलं, 1284 मध्ये त्याचा मोठा भाग कोसळला, मग खांबांच्या मधात आणखी खांब घालून ते परत उभं केलं. 1573 मध्ये मनोराही पडला. लोकांनी बसायचा लांबलचक भाग तिथं आजही बांधलेला नाही.

अन् आज जमत नाही म्हणता, तर पॅरिसचं नोत्र दाम चर्च 15 एप्रिल 2019 ला जळलं, सुतारांनी ओकची खोडं कुऱ्हाडीनं तासून छपराचा सांगाडा नव्यानं उभा केला, डिसेंबर 2024 मध्ये दारं उघडली.

बाबा कमान बांधायचे तेव्हा खाली लाकडी साचा, दोन्हीकडून विटा चढवत यायचे, मधातली शेवटची वीट हातोडीच्या दांड्यानं हळूहळू ठोकून बसवायचे. साचा काढताना मले दूर उभं करायचे, स्वतः मात्र तिथंच. तिकडच्या कमानीही अशाच लाकडी साच्यावर चढल्यात. अन् कितीतरी जुन्या चर्चांच्या दगडांवर गवंड्यांच्या खुणा कोरलेल्या आहेत, ज्यानं जेवढे दगड घडवले तेवढी त्याची मजुरी निघावी म्हणून. तेवढा मेसेज ग्रुपवरून काढा, काकाजी.